टर्बो गाडीचं टायमिंग नेमकं कुठे घसरतंय: प्रकल्प नोंदी

७ जून

मित्राची गाडी कामाला घेतली. चार सिलिंडर, दोन लिटर पेट्रोल, बोअर ८६ मिमी, आठ व्हॉल्व्हचं हेड, कॉम्प्रेशन ८.५, टर्बो नुसत्या वेस्टगेट स्प्रिंगवर (बूस्टला मर्यादा घालणारी) ०.७ बार बूस्ट, म्हणजे जादा दाब, देतो. जुना डिस्ट्रिब्युटर काढून टाकलेला आहे, त्याच्या जागी प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वेस्टेड स्पार्क कॉइल, क्रँकच्या पुलीवर ३६-१ दातांचं चाक (३६ पैकी एक दात गहाळ) आणि त्याच्यासमोर दात ओळखणारा व्हीआर सेन्सर. वायरिंग आणि मॅप (कुठल्या आरपीएमला, कुठल्या दाबाला किती टायमिंग आणि पेट्रोल याचा तक्ता) दोन्ही आधीच दुसऱ्या कुणीतरी केलेलं, त्यामुळे काहीही गृहीत धरायचं नाही असं ठरवूनच सुरुवात केलीये.

मित्राची तक्रार तीन भागात आहे. ४००० आरपीएमच्या वर गाडी ओढत नाही, आवाज वाढतो पण वेग नाही. बूस्ट भरायला लागला की साधारण २९०० ला ईसीयू नॉक, म्हणजे मिश्रण अवेळी फुटल्याचा आवाज, पकडतो आणि टायमिंग (पिस्टन सर्वात वर यायच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते ते) कापतो. आणि ५२०० च्या पुढे मधेच झटका बसतो, जणू कुणी क्षणभर इग्निशन बंद केलं. त्याचं म्हणणं टर्बो छोटा पडतोय, मोठा टाकूया. मी म्हटलं थांब जरा, आधी आहे तो टर्बो काय सांगतोय ते ऐकू.

एक लॉग घेतला, तिसऱ्या गिअरमध्ये खालपासून वरपर्यंत. ५००० आरपीएमला मॅनिफोल्ड प्रेशर १७० केपीए, मॅपमध्ये टायमिंग २६ डिग्री, नॉकमुळे ४ कापलेले, म्हणजे २२ उरले. एक्झॉस्ट गॅसचं तापमान टर्बोच्या आधी ९६० डिग्री सेल्सियसच्या वर. थांबल्यावर बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्ड लालभडक. आता टर्बो पेट्रोल इंजिनात सलग लोड दिल्यावर मॅनिफोल्ड थोडा लाल होणं नवल नाही, पण इथे एकाच गिअरच्या ओढीत झाला.

हा आकड्यांचा मेळ बसत नाहीये. ०.७ बार बूस्टवर, ९५ ऑक्टेनवर, अशा हेडला खरोखर २२ डिग्री अ‍ॅडव्हान्स मिळत असेल तर जळण वेळेवर पुरं होतं आणि उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च होते. एक्झॉस्ट इतका तापतो तेव्हा जळण उशिरा सुरू होतंय, व्हॉल्व्ह उघडेपर्यंत मिश्रण जळतच असतं आणि ती आग मॅनिफोल्डात जाते. थोडक्यात स्क्रीनवर २२ लिहिलंय पण इंजिन वागतंय ९-१० डिग्री मिळाल्यासारखं. ईसीयू दाखवतो तो मागितलेला आकडा असतो, प्लगवर ठिणगी कधी पडली हे त्याला कळायला काहीच मार्ग नाही. तो दात मोजतो आणि हिशोब करतो, बस.

८ जून

टायमिंगला हात लावायच्या आधी बाकीचे संशयित बाजूला केले. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं. मिश्रण बूस्टवर ११.८ (एक भाग पेट्रोलला तेवढे भाग हवा), ठीक. बूस्ट गळती नाही. मॅप सेन्सर (हा तक्ता नव्हे, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर) इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेइतकं म्हणजे १०० केपीएच्या आसपास दाखवतो, हातपंपाने ७० केपीए वर चढवलं तर १७० दाखवतो आणि नळी दाब धरून ठेवते. ही तपासणी टर्बो गाडीत कधीच टाळू नये कारण ती नळी चिरलेली असली की ईसीयूला बूस्ट कमी वाटतो, तो मॅपच्या हलक्या लोडच्या रकान्यातलं टायमिंग काढतो, म्हणजे जास्त अ‍ॅडव्हान्स आणि वर पेट्रोलही कमी, आणि पिस्टनची रिंग लँड (दोन रिंगांमधली कड) तुटायला तेवढं पुरतं.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी किल्ली फिरवून बघितलं, कूलंट आणि हवेचा सेन्सर दोघंही एकच तापमान दाखवतात. दोन्ही सेन्सर एका झटक्यात तपासायचा यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

प्लग काढले. चारही सारखे, फिकट, इन्सुलेटरवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके कुठेच नाहीत. म्हणजे जोरदार डेटोनेशन झालेलं नाही. मग २९०० ला ईसीयू नेमकं काय ऐकतोय? हे लिहून ठेवतो, नंतर बघू. गॅप १.० होता तो ०.७ केला, बूस्टमध्ये सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि मोठ्या गॅपला कॉइल कमी पडते.

मग टायमिंग बेल्ट. वरचं कव्हर काढून पुलीची खूण शून्यावर आणली आणि कॅमची खूण बघितली. किंचित पुढे. कॅमच्या पुलीला ४० दात, म्हणजे एक दात ९ डिग्रीचा, आणि इथे फरक साधारण ३ डिग्रीचा, एक तृतीयांश दात. बेल्ट चुकीचा बसला तर पूर्ण दाताने चुकतो, एक तृतीयांशने चुकत नाही. बेल्ट ताणला गेला तर कॅम मागे पडतो, इथे पुढे आहे. मित्र म्हणाला एवढं चालतं रे. मला मात्र हे खटकतंय, कॅमवर ३ म्हणजे क्रँकवर ६ आणि ६ डिग्री ही टर्बो इंजिनात क्षुल्लक गोष्ट नाही.

१४ जून

आज टायमिंग लाईट, एक नंबरच्या ठिणगीबरोबर चमकून त्या क्षणी पुली कुठे आहे ते दाखवणारी.

पुलीवर डिग्री मारलेल्या नाहीत, एकच खाच आहे. पुलीचा व्यास मोजला १४० मिमी, परीघ ४४० मिमी, भागिले ३६० म्हणजे एक डिग्री १.२२ मिमी. पांढऱ्या टेपच्या पट्टीवर दर १२.२ मिमीला जाड रेघ आणि मधे निम्म्यावर बारीक रेघ मारून ती पुलीवर चिकटवली, शून्य खाचेवर. पुली आधी थिनरने स्वच्छ पुसली, नाहीतर ४००० आरपीएमला टेप उडून बेल्टमध्ये जाते. रेडिएटर फॅनचा कनेक्टर काढून ठेवला कारण तो कधीही सुरू होतो आणि आपला हात तिथेच असतो.

लाईटवरचा डायल शून्यावर ठेवला आणि टेपवरूनच वाचलं. वेस्टेड स्पार्कमध्ये एक नंबरच्या प्लगला दर फेरीला ठिणगी मिळते, एक कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एक एक्झॉस्टच्या शेवटी वाया जाणारी. डायलवाल्या बऱ्याच लाईटना हे समजत नाही, त्या दोन फेऱ्यांना एक ठिणगी धरतात आणि डायलवर आकडा दुप्पट येतो. डायल शून्यावर असला की तो घोळच होत नाही.

आता महत्त्वाचं. ईसीयूत टायमिंग १० डिग्रीवर लॉक केलं. लॉक न करता लाईट मारण्यात अर्थ नाही कारण आयडलला ईसीयू स्वतःच टायमिंग पुढेमागे करून आरपीएम सांभाळत असतो, खूण नाचतच राहते आणि आपल्याला वाटतं सेन्सर खराब. लॉक केल्यावर आरपीएम काहीही असो, खूण १० वरच थांबली पाहिजे.

मित्र ॲक्सिलरेटरवर, मी लाईट घेऊन पुलीसमोर.

१००० ला १०. छान.
२५०० ला ८.
४००० ला ६.
५००० ला ४ च्या आसपास, आणि तिथे खूण एका जागी थांबतच नाही, दोन रेघांमध्ये उड्या मारते, आणि ईसीयूच्या स्क्रीनवर सिंक एररचा (दातांची मोजणी चुकल्याचा) आकडा वाढायला लागतो.

ही नोंद मी जाड अक्षरात लिहून ठेवलीये. आयडलला टायमिंग बरोबर आलं की लोक लाईट ठेवून देतात आणि इथेच फसतात. या गाडीत आयडलला सगळं तंतोतंत आहे. बिघाड आरपीएमबरोबर वाढतोय, म्हणजे पुलीची जागा किंवा ऑफसेटचा आकडा (गहाळ दातापासून टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वात वर असण्याची जागा, किती डिग्रीवर आहे तो) याने हे होणार नाही, तो फरक सगळीकडे सारखाच राहिला असता. आरपीएमबरोबर वाढणारा फरक म्हणजे कुठेतरी वेळ जातोय. ४००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात २४ डिग्री फिरतो. ४ डिग्री म्हणजे सहावा भाग, साधारण १७० मायक्रोसेकंद. कॉइल किंवा तारेतून एवढा उशीर होत नाही. सेन्सरचा सिग्नल ईसीयू नीट वाचत नाहीये.

१५ जून

सेन्सर. मल्टिमीटरवर रेझिस्टन्स ८५० ओहम, ठीक. दात आणि सेन्सरमधलं अंतर १ मिमी, ठीक. बहुतेक जण इथे थांबतात आणि सेन्सर चांगला आहे म्हणून पुढे जातात. व्हीआर सेन्सर म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं, त्याला दोन तारा असतात आणि मल्टिमीटरला त्या दोन्ही सारख्याच दिसतात, कशाही लावा ८५० च येणार. पण ईसीयूला त्या सारख्या नसतात.

म्हणून स्कोप लावला, तो व्होल्टेजचा आलेख दाखवतो. सेल्फ मारताना जेमतेम एक व्होल्ट, आरपीएम वाढेल तसा सिग्नल मोठा होत जातो, ३००० ला पंधराच्या वर. दात सेन्सरकडे येताना व्होल्टेज एका बाजूला चढतं, दाताचा मध्य समोर आला की सरळसोट कड्यावरून पडल्यासारखं शून्य ओलांडून दुसऱ्या बाजूला जातं, मग दोन दातांच्या मधे सावकाश परत येतं. तो सरळसोट भाग हाच विश्वासाचा, कारण सिग्नल लहान असो मोठा असो, शून्य तिथेच ओलांडला जातो. आमचा ईसीयू वरून खाली येणारी बाजू वाचतो. आणि स्क्रीनवर काय दिसतंय, तर सरळसोट भाग खालून वर जातोय, आणि वरून खाली येणारा भाग तो सावकाश उताराचा.

म्हणजे दोन्ही तारा अदलाबदल. कनेक्टर नंतर कधीतरी बदललेला आहे हे त्याच्या रंगावरून कळतंच, तेव्हा झालं असणार.

गहाळ दाताच्या जागी तर हे अगदी स्पष्ट दिसतं. तिथे सिग्नल शून्याच्या आसपास रेंगाळतो, आणि ईसीयू नेमकं तिथेच शून्य कुठे ओलांडला ते शोधतोय. सिग्नलची उंची बदलली, जरासा विजेचा खरखराट आला, की ओलांडायची जागा सरकते. कमी आरपीएमला निभावतं. वर गेलं की आधी टायमिंग मागे जातं, मग दात मोजण्यातच घोळ होतो, सिंक जातो आणि ईसीयू ठिणगी थांबवतो. ५२०० चा झटका हाच.

तारा उलट केल्या. केबलची शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली होती, ती सेन्सरच्या बाजूची सोडवून फक्त ईसीयूच्या बाजूला ठेवली.

पोलॅरिटी बदलली की वाचायची जागा अर्ध्या दाताने सरकते, ३६ दातांच्या चाकावर अर्धा दात म्हणजे ५ डिग्री, त्यामुळे ट्रिगर ऑफसेट परत जुळवावा लागतो. हे न करता गाडी चालवायची नाही, लिहून ठेवतोय कारण हे सहज विसरण्यासारखं आहे. ऑफसेट जुळवला, १००० ला खूण १० वर आणली आणि परत वर गेलो. ४००० ला ९, खूण दगडासारखी स्थिर. उरलेली १ डिग्री म्हणजे साधारण ४० मायक्रोसेकंद, हा सर्किटचा स्वतःचा उशीर, ईसीयूत त्यासाठी रकाना असतो, तिथे ४० टाकले. आता १००० ला १०, ४००० ला १०, ५५०० लाही १०. सिंक एरर शून्य.

१६ जून

थोडा वेळ चालवली. झटका गेला. वरच्या आरपीएमला आधीपेक्षा बरी ओढते. पण एक्झॉस्टचं तापमान ९२० च्या खाली येत नाही आणि गाडी अजून जड वाटते. मित्र खूश आहे, म्हणतो झालं काम.

काम झालेलं नाही. लाईट सगळीकडे १० म्हणते, ईसीयू १० म्हणतो, आणि इंजिन अजूनही रिटार्ड (ठिणगी उशिरा पडत) असल्यासारखं वागतंय. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा ते दोघं एकाच तिसऱ्याच्या भरवशावर बोलत नाहीयेत ना हे बघावं लागतं. लाईट वाचतो ती पुलीवरच्या खाचेवरून. ईसीयू दात मोजतो ते पुलीवरच्याच चाकावरून. आणि त्या ८ तारखेच्या कॅमच्या ३ डिग्री अजून डोक्यात आहेत.

खरा टॉप डेड सेंटर, म्हणजे टीडीसी, शोधायचा. खाचेला न विचारता.

२१ जून

पिस्टन स्टॉपने टीडीसी काढला. चारही प्लग काढले म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं, एक नंबरच्या भोकात स्टॉप बसवला. आत आटे असलेली नळी आणि पुढे गोल टोकाचा बोल्ट, पिस्टन वर येताना त्याला टीडीसीच्या आधीच टेकून थांबतो. सेल्फ अजिबात मारायचा नाही, बॅटरीची तार काढून ठेवली. क्रँकच्या बोल्टला पाना लावून अगदी हळू फिरवायचं, टेकल्याचं हाताला कळतं. टेकल्यावर पॉइंटरसमोर पुलीवर बारीक रेघ. मग उलट दिशेने जवळजवळ पूर्ण फेरी, परत टेकेपर्यंत, तिथे दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधे खरा टीडीसी, कारण पिस्टन दोन्ही बाजूंनी सारख्याच उंचीवर थांबलेला असतो. वरती पिस्टन काही डिग्री जवळपास हलतच नाही, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर टाकून सर्वात वर कधी आला हे डोळ्याने ठरवणं म्हणजे अंदाज. स्टॉपची पद्धत मात्र मधली जागा बरोबर काढून देते.

दोन रेघांमधलं अंतर ९८ मिमी. मध्य ४९ वर. परत एकदा सगळं केलं, मध्य तिथेच आला. आणि कारखान्याची खाच त्या मध्यापासून ७.३ मिमी लांब. भागिले १.२२.

६ डिग्री.

खाच मागे पडलीये. पिस्टन टीडीसीला पोचतो तेव्हा खाच पॉइंटरच्या ६ डिग्री अलीकडेच असते. म्हणजे लाईट १० म्हणत होती तेव्हा प्लगवर खरे ४ मिळत होते. आणि कॅम जागेवरच होता, खाच शून्यावर आणली की क्रँक ६ डिग्री पुढे गेलेला असायचा आणि कॅम त्याच्या निम्मा, ३. बेल्ट निर्दोष.

पहिल्या दिवसाचा हिशोब आता लागतो. ५००० ला मागितले २६, नॉकमुळे ४ कापले, पोलॅरिटीमुळे ६ वाया, खाचेमुळे ६ वाया. उरले १०. मॅनिफोल्ड लाल होणारच.

२२ जून

पुली काढली. ही साधी पुली नाही, क्रँकची कंपनं शोषणारा डॅम्पर आहे. आतला लोखंडी गोळा क्रँकला चावीने घट्ट, त्याच्याभोवती रबराचा थर, आणि रबराभोवती जड बाहेरची रिंग. खाच बाहेरच्या रिंगवर, दातांचं चाकही बाहेरच्याच रिंगला बोल्ट केलेलं. रबर सुटून रिंग आतल्या गोळ्यावर सरकलीये. उजेडात धरून बघितलं तर रबराच्या कडेला भेगा आहेत आणि एका जागी ते बाहेर फुगून आलंय, अंगठ्याने दाबलं तर बारीक काळी भुकटी हाताला लागते. अल्टरनेटरचा बेल्ट रिंगला मागे खेचत असतो, त्यामुळे ती मागेच सरकली.

असला बिघाड मला फार वाईट वाटतो, कारण तो पुरावाही सोबत घेऊन सरकतो. खाच आणि दात एकाच रिंगवर असल्यामुळे रिंग कितीही फिरली तरी लाईट आणि ईसीयू एकमेकांशी जुळलेलेच राहणार. चाक आतल्या गोळ्याला असतं आणि फक्त खाच सरकली असती तर लाईटवर लगेच फरक दिसला असता. इथे ज्याने आधी मॅप केला त्याला गाडी मंद वाटली असणार, म्हणून त्याने २६ पर्यंत आकडे चढवले असणार, आणि त्याच्या लाईटवर सगळं बरोबरच दिसलं असणार.

रिंग अजून सरकू शकते, आज ६ आहे उद्या ९. त्यामुळे ऑफसेटमध्ये ६ मिळवून भागवणं हा उपाय नाही. डॅम्पर नवाच.

२८ जून

नवा डॅम्पर बसवला. बोल्ट नवा, टॉर्क पुस्तकातल्याप्रमाणे. क्रँकची चावी आणि तिची खाच नखाने चाचपून बघितली, कडा धारदार आहेत, झिजलेली नाही. परत पिस्टन स्टॉप, या वेळी खाच आणि मध्य एकमेकांवर. आतला गोळा, रबर आणि रिंग तिघांवरून आरपार एक पिवळी रेघ ओढली, पुढे कधी रिंग सरकली तर रेघ तुटलेली दिसेल, लाईट लावायचीही गरज नाही. दातांचं चाक बसवून, टायमिंग लॉक करून, ऑफसेट लाईटने जुळवला. १००० ते ५५०० सगळीकडे १०.

आता सर्वात धोक्याची जागा, आणि हे मी मित्राला दोनदा समजावून सांगितलं. मॅपमधले आकडे खोट्या टीडीसीवर चढवलेले आहेत. टीडीसी खरा झाल्याबरोबर तेच २६ आता खरेखुरे २६ होणार, वर पोलॅरिटीमुळे वाया जाणारे ६ सुद्धा आता वाया जात नाहीत. म्हणजे पहिल्या दिवशी इंजिनला मिळत होतं त्यापेक्षा ५००० ला १२ डिग्री जास्त, पूर्ण बूस्टवर. अशी एक ओढ इंजिन मोडायला पुरेशी आहे. दुरुस्ती झाली या आनंदात लोक सरळ रस्त्यावर जातात.

म्हणून गाडी हलवायच्या आधी बूस्टचे सगळे रकाने खाली आणले. १७० केपीएच्या ओळीत ३००० ला १०, ४००० ला १२, ५००० ला १४. मुद्दाम कमी. आरपीएम वाढेल तसं टायमिंग थोडं वाढतं कारण जळायला लागणारा वेळ तेवढाच कमी होत नाही आणि क्रँक मात्र जास्त फिरून जातो, बूस्ट वाढेल तसं कमी करावं लागतं कारण दाट मिश्रण लवकर जळतं आणि नॉकची भीतीही वाढते. बूस्ट नसलेल्या भागातही ६ कमी केले, आयडल वेगळं जुळवलं.

२९ जून

२९०० चा नॉक. टायमिंग एवढं खाली आणूनही ईसीयू तिथे नॉक मोजतोच आहे. १० डिग्रीवर, ९५ ऑक्टेनवर, ८.५ कॉम्प्रेशनला, गार हवेत. प्लगवर ठिपके नव्हतेच. मग त्याच रकान्यातून आणखी ४ काढले, ६ वर आणलं. मोजणी तेवढीच. खरा नॉक टायमिंगचं ऐकतो, ४ डिग्री मागे घेतलं की तो कमी होतो किंवा जातोच. टायमिंगला दाद न देणारा आवाज जळणाचा नसतो, कुठलातरी भाग खडखडतोय.

सेन्सर बघितला. ब्लॉकवर त्याच्याखाली वॉशर घातलेला आणि बोल्ट हाताने आवळल्याइतकाच. हा पिझो सेन्सर ब्लॉकला थेट, स्वच्छ सपाट जागेवर टेकला पाहिजे आणि बोल्ट २० न्यूटन मीटरला, तेवढाच, कारण त्याचं ऐकणं त्या दाबावर अवलंबून असतं. वॉशर काढला, जागा घासून स्वच्छ केली, टॉर्क दिला. ईसीयूतला फिल्टर आधीपासून आलेल्या आकड्यावरच होता. बोअरवरून नॉकची फ्रीक्वेन्सी काढतात, ९०० भागिले (पाय, म्हणजे π, गुणिले त्रिज्या), ४३ मिमी त्रिज्येला ६.७ किलोहर्ट्झ. तो टाकला.

मोजणी निम्मी झाली पण गेली नाही. मग गाडी थंड असताना हाताने एकेक भाग हलवून बघितला. टर्बोवरची हीट शील्ड, तिच्या खालच्या कानाला चीर गेलीये आणि ती ब्लॉकवरच्या ब्रॅकेटला टेकते. बूस्ट भरायला लागतो तेव्हाच्या कंपनात ती तिथे थरथरत असणार. कान वेल्ड करून शील्ड ब्रॅकेटपासून बोटभर लांब केली. परत तीच ओढ, २९०० ला शून्य.

५ जुलै

मॅप वर चढवला. एका वेळी एकच ओळ, एक डिग्री, मग तीच ओढ, लॉग, प्लग बघायचा, मग पुढची डिग्री. प्रत्येक ओढीच्या आधी आत येणारी हवा तेवढीच थंड होऊ दिली, नाहीतर इंटरकूलर तापलेला असताना घेतलेली ओढ आणि थंड असताना घेतलेली ओढ यांची तुलनाच होत नाही.

५००० ला १८ वर आल्यावर पुढची डिग्री टाकून ओढ तेवढीच राहिली, २० ला एकदा नॉकची बारीक नोंद आली. म्हणून १८ वर ठेवलं, ३००० ला १३, ४००० ला १५. ताकद वाढत नसताना टायमिंग वाढवणं म्हणजे फायद्याशिवाय धोका घेणं. मागच्या मॅपपेक्षा आकडे ८ ने कमी आणि गाडी ओळखू येत नाही इतकी बदललीये. एक्झॉस्ट ८७० च्या वर गेला नाही. मॅनिफोल्ड अंधारात बघितला तर अगदी मंद गडद लाल, तोही लगेच विझला.

टर्बो तोच. बूस्ट तेवढाच. मित्राने मोठ्या टर्बोचा विषय परत काढला नाही.

उरलेलं काम: हवेच्या तापमानाप्रमाणे टायमिंग कापायचा तक्ता रिकामा आहे, तो ५० डिग्री सेल्सियसच्या पुढे हळूहळू भरायचा. क्रँककेसची वाफ थेट इनटेकमध्ये जाते, मधे ऑइल कॅच टाकी हवी, तेलाची वाफ मिश्रणात गेली की नॉक लवकर येतो. बॅटरी व्होल्टेजप्रमाणे कॉइलचा ड्वेल (कॉइल भरायला दिलेला वेळ) तपासायचा, १२ व्होल्टला आणि १४ ला वेगवेगळा लागतो आणि इथे दोन्हीकडे ३ मिलिसेकंदच टाकलेत. आणि दर ऑइल बदलाला पिवळी रेघ बघायची.